मराठी ब्लॉगची टायपोग्राफी: मथळ्यांच्या वेलांट्या कापल्या जातात, शिरोरेषा तुटते, फॉन्ट कुठला घ्यावा?

करवंद

मंडळी, सह्याद्रीतल्या वनस्पतींवर मराठी ब्लॉग आहे. वर्डप्रेस, ब्लॉक थीम. लेख दीड-दोन हजार शब्दांचे, मधे फोटो आणि रोमन लिपीतली भरपूर शास्त्रीय नावं. थीम इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे: मथळ्यांना प्लेफेअर डिस्प्ले, मजकुराला लाटो. दोन्हींत देवनागरी नाही, त्यामुळे मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या फोनवर किंवा संगणकावर जो फॉन्ट असेल त्यात उमटतो.

अडचणी अशा. मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. मुखपृष्ठावरच्या कार्डांत तर रफार आणि अनुस्वार चक्क कापले जातात. मेनूत शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. मराठी वाक्य इटॅलिक केलं की ओढूनताणून वाकवल्यासारखं दिसतं, पण शास्त्रीय नावं मात्र इटॅलिकमध्येच हवीत, तशी रूढ पद्धतच आहे. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात.

मुक्ता, हिंद, नोटो, पॉपिन्स, टिरो हे सगळे नमुना पाहताना चांगलेच वाटतात. नेमकं काय बघून ठरवायचं? आकार आणि ओळींतलं अंतर किती ठेवायचं? थेट आकडे सांगितलेत तर बरं.

खिळेजुळारी

फॉन्ट शेवटी निवडा. तुमच्या बहुतेक तक्रारी थीमच्या सीएसएसच्या, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सूचनांच्या आहेत. त्या मार्गी लावल्या नाहीत तर कितीही देखणा फॉन्ट आणून बसवलात तरी वेलांट्या कापल्याच जातील.

आधी पानाचा सोर्स उघडून अगदी वरचा एचटीएमएल टॅग बघा. त्यात लँग या भाषेच्या खुणेची किंमत ईएन-यूएस, म्हणजे अमेरिकी इंग्रजी, असेल तर सेटिंग्ज, जनरलमध्ये जाऊन साइटची भाषा मराठी करा, म्हणजे ती एमआर होईल. डॅशबोर्ड इंग्रजीत हवा असेल तर तो स्वतःच्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो. हे नुसतं शिस्तीसाठी नाही. ‘ल’ आणि ‘श’ कुठल्या वळणाचे दाखवायचे हे ब्राउझर याच खुणेवरून ठरवतो.

आता ओळींची उंची. रोमन लिपीत छोट्या अक्षरांच्या वर एक फांदी आणि खाली एक शेपूट, एवढाच पसारा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, तिला चिकटून रफार आणि त्यावर अनुस्वार येऊ शकतो. ‘कीर्तींचा’ लिहून बघा. खाली ‘ट्ठ’, ‘ड्ढ’सारखी उभी रचलेली जोडाक्षरं आणि त्याखाली उकार. इंग्रजी थीममध्ये मथळ्याची लाइन-हाइट सहसा १.१ किंवा १.२ असते, त्यात हे सगळं मावणं शक्यच नाही.

आकडे मागितलेत, तर हे घ्या. मजकूर मोबाइलवर १८ पिक्सेल, डेस्कटॉपवर १९ किंवा २०. लाइन-हाइट १.७५. अगदी आटोपशीर बांध्याचा फॉन्ट असेल तर १.६५ चालेल, त्याखाली नको. मुख्य मथळा मोबाइलवर २८, डेस्कटॉपवर ४० पिक्सेल, लाइन-हाइट १.३५. उपमथळे मजकुराच्या १.४ पट, लाइन-हाइट १.४, वर १.८ एम मोकळी जागा आणि खाली अर्धा एम (एक एम म्हणजे त्या मजकुराच्या फॉन्टचा आकार), म्हणजे उपमथळा आपल्या परिच्छेदाला चिकटून राहतो. फोटोखालच्या ओळी १५ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. १३ पिक्सेलला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक साध्या पडद्यावर मिटतो.

लाइन-हाइट देताना आकड्यापुढे एकक लावायचं नाही. नुसतं १.७५ लिहिलं तर प्रत्येक घटक आपल्या आकाराप्रमाणे हिशेब करतो. पिक्सेल किंवा एम लावलंत तर मजकुराची उंची तशीच मथळ्याला जाऊन चिकटते आणि पुन्हा घुसाघुशी सुरू.

कार्डांतला कापाकापीचा प्रकार वेगळा आहे. तिथे दोन-तीन ओळींनंतर मजकूर तोडण्यासाठी लाइन-क्लॅम्प आणि ओव्हरफ्लो हिडन लावलेलं असतं. चौकटीच्या बाहेर जाणारं सगळं कापायचं, असा तो हुकूम. म्हणून लाइन-हाइट वाढवून वर ०.१५ एम पॅडिंग, म्हणजे चौकटीच्या आतली मोकळी जागा, द्या. खालच्या पॅडिंगच्या भानगडीत पडू नका, तिथे पुढच्या लपवलेल्या ओळीचं डोकं डोकावतं. मथळ्याला रंगछटांची पार्श्वभूमी अक्षरांत भरली असेल तर तिथेही हेच होतं.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) सगळीकडे शून्य: मथळे, मेनू, बटणं, बायलाइन. रोमन कॅपिटल अक्षरांना थोडं अंतर शोभतं म्हणून थीमवाले ते देतात. आपल्याकडे त्याने शिरोरेषेला खिंडारं पडतात. उणे अंतरही नको: शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि रंग अर्धपारदर्शक असेल तर सांध्यांवर गडद डाग दिसू शकतात.

आणि जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ करणं) काढा. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं. ‘महानगरपालिकेच्या’सारखे प्रत्यय लागलेले लांब शब्द फोनच्या अरुंद ओळीत दोन-तीनच मावतात, मग उरलेली जागा शब्दांमधे भगदाडं पाडते. ओळीची लांबी ३४ एम ठेवलीत तर डेस्कटॉपवर साधारण १० ते १२ शब्द येतात, वाचायला तेवढे पुरे. इथे सीएच हे एकक वापरू नका, ते रोमन शून्याच्या रुंदीवरून मोजलं जातं. मराठी ओळीचा त्याच्याशी संबंध नाही.

पोटफोड्या ष

खिळेजुळारींनी पाया घातलाच आहे, मी फॉन्टवर येतो. नमुना पाहताना सगळे चांगले वाटतात, कारण नमुन्यात एकच वाक्य आणि तेही मोठ्या आकारात असतं. स्वतःची चाचणी-ओळ करा आणि ती १८ पिक्सेलला, साध्या फोनवर बघा. माझी सुचवणूक:

दऱ्या दर्या, ॲसिड ऑक्टोबर, वाङ्मय, चिठ्ठ्या, उद्ध्वस्त, ब्राह्मण चिन्ह, शृंग हृदय, रुपया रूप, कीर्तींचा, क्षुद्र, ज्ञानेश्वरी, ₹ १,२५०

यात बघायचं काय? ‘दऱ्या’मधला आडवा र. अर्थच बदलतो म्हणून हा सगळ्यात महत्त्वाचा. फॉन्टमध्ये तो धड नसेल तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो किंवा ‘ऱ्’ पाय मोडून सुटा उभा राहतो. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना, पुढे जाऊ नका. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. ‘उद्ध्वस्त’मध्ये जोडाक्षर वाचता येतं का, ‘रु’ आणि ‘रू’ पटकन वेगळे कळतात का, रुपयाचं चिन्ह आकड्यांच्या उंचीला जुळतं का, हेही बघा.

आता माझं मत. लांब मजकुराला मुक्ता. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचं काम, २०० ते ८०० अशा सात जाड्या, सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या, त्यामुळे स्वस्त पडद्यावरही अक्षर फुटत नाही. त्यातली रोमन अक्षरं देवनागरीशी मापाने जुळतात. एक खोड आहे: अक्षराच्या वर-खाली राखलेली जागा मोठी, म्हणून बटणात मजकूर मधोमध बसत नाही. तिथे पॅडिंग वर-खाली वेगवेगळं द्यावं लागतं.

हिंद हा इंडियन टाइप फाउंड्रीचा, ३०० ते ७०० पाच जाड्या. मेनू, तक्ते, फॉर्म यांना छान. पॉपिन्स मथळ्याला देखणा, पण त्याची गोल-गोल भूमिती दोन हजार शब्द वाचायला दमवते. शिवाय तो रुंद आहे, तेवढ्याच मजकुराला जास्त ओळी लागतात. यात्रा वन हा मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला. ब्लॉगचं नाव त्यात लिहा, परिच्छेद नको.

टिरो देवनागरी मराठी वेगळ्या जातकुळीचा. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या अभिजात भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेसाठी घडवलेल्या अक्षरांतून आलेला, जाड-बारीक रेघांचा, मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या छपाईची आठवण करून देणारा. हिंदी, मराठी, संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यातली मराठी घ्या. ललित लेखनाला याच्याइतका सुरेख फुकट फॉन्ट माझ्या मते दुसरा नाही. मात्र त्यात ठळक जाडी नाहीच. तुम्ही ठळक मागितलं तर ब्राउझर अक्षराला आपल्या मनाने सूज आणतो आणि ‘ष’च्या पोटातली रेघ बुजते. टिरो वापरलात तर ठळकपणा मथळ्याच्या आकारातून आणा, बोल्डमधून नको.

‘ल’ आणि ‘श’बद्दल: महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’. टिरोच्या मराठी आवृत्तीत मराठी वळणं मुळातच आहेत. बाकीच्या फॉन्टांत असलीच तर पर्याय म्हणून दडलेली असतात आणि भाषा एमआर असेल तरच बाहेर येतात.

फुकट वायफाय

थोडं उलटं बोलतो. मजकुराला बाहेरचा फॉन्ट लागतोच का? अँड्रॉइडमध्ये सहसा नोटो सान्स देवनागरी आधीच असतो, आयफोन आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी, विंडोज ८ पासून निर्मला यूआय. तिन्ही वाचनीय आहेत. जुन्या विंडोजवरचा मंगल तेवढा ओबडधोबड. मथळ्यापुरता एक फॉन्ट चढवा आणि मजकूर सिस्टिमवर सोडा, पान झटकन उघडेल. जंगलात फिरताना झाड ओळखायला कुणी तुमचा लेख उघडत असेल तर त्याच्याकडे रेंजची एकच काडी असणार.

तरीही मुक्ता हवाच असेल तर दोनच जाड्या घ्या, ४०० आणि ७००. प्रत्येक जाडी म्हणजे वेगळी फाइल, आणि शेकडो जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. ३०० ची बारीक जाडी तर मुळीच नको, साध्या पडद्यावर तिची शिरोरेषा जागोजागी विरते. फाइल डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या दाबलेल्या प्रकारची, स्वतःच्या सर्व्हरवर. ६.५ पासून वर्डप्रेसमध्येच फॉन्ट लायब्ररी आहे: अपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी या वाटेने जा आणि तिथून फॉन्ट उतरवून घ्या. प्लगिनची गरज नाही. फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर निदान वाचता येतो. नाहीतर काही क्षण पान कोरं.

स्वॅपचा तोटा हा की फॉन्ट आला की ओळी हलतात. पर्यायी फॉन्टला साइझ-अॅडजस्ट लावून दोघांची रुंदी जवळ आणता येते. ९५ टक्क्यांपासून सुरू करा, एकच परिच्छेद दोन्ही फॉन्टांत तेवढ्याच ओळींत बसेपर्यंत वर-खाली करा.

फाइल छाटून हलकी करायची असेल तर जपून. अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरांचे आकार यांना स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. क्रमांक बघून बाकीचं फेकून देणारं साधन वापरलंत की ‘भक्ती’ची ‘भक्‌ती’ होते. फॉन्टटूल्स या साधनसंचातलं पायएफटीसबसेट जोडाक्षरांचे नियम वाचून त्यांचे आकार राखतं. त्याला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा द्याच, पण २००सी आणि २००डी हे न दिसणारे जोडक-तोडक आणि २०बी९ हे रुपयाचं चिन्ह विसरू नका. आडवा र दोन प्रकारे टंकला जातो: कुणी ऱ या अक्षराला हलंत देतं, कुणी साध्या र ला हलंत देऊन पुढे २००डी टाकतं. तो जोडक फाइलमध्ये नसेल तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’ फुटू शकतात, आणि लेख अर्धा ठीक, अर्धा बिघडलेला असं कोडं पडतं.

करवंद

सगळ्यांचे आभार. भाषा मराठी केली, लेटर-स्पेसिंग काढलं, मथळे सुधारले. मजकुराला मुक्ता ४०० आणि ७०० लावला. दोन गोष्टी राहिल्या. एक, ‘ल’ अजून मला वाटतो तसा आला आहे की नाही हे खात्रीने कसं कळणार? दोन, इटॅलिक. मुक्तात इटॅलिक नाही, म्हणजे शास्त्रीय नावंही ब्राउझरच वाकवतोय.

रफार

पहिल्याचं सोपं आहे. एका मसुद्यात कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक घ्या, ‘लाल शाल’ दोन परिच्छेदांत लिहा. एकाला लँग एचआय (हिंदी) द्या, दुसऱ्याला एमआर. दोन्ही वेगळे दिसले तर फॉन्टमध्ये पर्याय आहे आणि चालूही आहे. अगदी सारखे दिसले तर एकतर त्या फॉन्टमध्ये पर्याय नाही किंवा फाइल छाटताना तो गळाला. मूळ, न छाटलेली फाइल लावून पुन्हा बघा, म्हणजे दोनांपैकी कारण कोणतं ते कळेल.

इटॅलिकसाठी मराठी आणि शास्त्रीय नावं यांची वाट वेगळी करा. देवनागरीत तिरप्या अक्षराची परंपरा नाही. मराठीत जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला. म्हणून सीएसएसमध्ये ईएम या जोर दाखवणाऱ्या टॅगला फॉन्ट-स्टाइल नॉर्मल आणि जाडी ७०० द्या. ६०० लिहिलंत तर तुमच्याकडे ती फाइल नाही, ब्राउझर ७०० चीच उचलेल. मग फॉन्ट-सिंथेसिस नन. यामुळे ब्राउझर स्वतःच्या मनाने वाकवणं आणि फुगवणं दोन्ही बंद करतो. आता जे तिरपं दिसेल ते खऱ्या इटॅलिक फाइलमधूनच आलेलं असेल.

शास्त्रीय नावांना आय टॅग आणि त्यावर लँग एलए, म्हणजे लॅटिन. संपादकातलं इटॅलिकचं बटण ईएम टॅग घालतं, म्हणून ब्लॉकच्या मेनूतून ‘एडिट अ‍ॅज एचटीएमएल’ घेऊन हाताने बदला. मग सीएसएसमध्ये फक्त लॅटिन खुणेच्या आय टॅगला रोमन इटॅलिक असलेला फॉन्ट नेमा: सोर्स सेरिफ ४ किंवा जेंटियम, दोन्हींची इटॅलिक अक्षरं मुळात तशीच काढलेली आहेत. आकार ०.९५ एमच्या आसपास. छोटी रोमन अक्षरं शिरोरेषेच्या जरा खाली राहतील आणि कॅपिटलचा माथा तिच्या थोडा वर जाईल इतपत जुळवा, म्हणजे ओळीत ती नावं उड्या मारत नाहीत.

एकाच घराण्यातलं हवं असेल तर आयबीएम प्लेक्स सान्स देवनागरी बघा. त्याच्या रोमन भावंडाला खरं इटॅलिक आहे, जाडी आणि बांधा जुळवायचे कष्ट वाचतात.

तिरपं नेमकं किती करायचं तेही पाळा. कारवीचं उदाहरण घेतलं तर ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ एवढंच रोमनमध्ये तिरपं, पुढचं ‘नीस’ हे नाव देणाऱ्याचं, ते सरळ. म्हणजे आय टॅग ‘नीस’च्या आधी बंद. देवनागरीत उच्चार लिहीत असाल तर काहीच तिरपं नको. प्रजातीचं नुसतं आद्याक्षर आणि टिंब देऊन पुढे जातीचं नाव लिहिता तेव्हा मधे न तुटणारी जागा टाका, नाहीतर फोनवर आद्याक्षर एका ओळीला आणि नाव दुसऱ्या ओळीला जातं.

खिळेजुळारी

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची ‘ड्रॉप कॅप’ची सोय थीममध्ये असेल तर बंद ठेवा. लेख ‘स्त्री’ने सुरू झाला तर काही ब्राउझर ‘स्’ तेवढा मोठा करून ‘त्री’ मागे सोडतात.

दुव्यांच्या अधोरेषा उकारांना आडव्या जातात. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.३ एम आणि जाडी १ पिक्सेल ठेवा. तरी खोल उकारापाशी रेघ तुटलेली दिसेल, ते ब्राउझर मुद्दाम करतो आणि वाचायला ते बरंच.

थीम लेखाचा सारांश अक्षरं मोजून तोडत असेल तर शेवटी ‘सह्…’ असा पाय मोडका शब्द किंवा प्रश्नचिन्हाचा हिरा उमटतो. शब्द मोजून तोडा, ३० शब्द पुरतात.

आणि सगळं लावून झालं की डोळ्यांवर विसंबू नका. क्रोममध्ये मजकुरावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कम्प्युटेड, आणि अगदी तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’. त्या परिच्छेदातले किती आकार कुठल्या फॉन्टमधून आले ते तिथे संख्येसकट दिसतं. मुक्ताच्या जोडीला निर्मला यूआयमधले दोन-चार आकार दिसले तर छाटलेल्या फाइलमधून काहीतरी गळलंय. पहिला संशय ‘ॲ’ आणि ₹ यांच्यावर घ्या.